सेन्सरचा आकडा नाचतोय? आधी उशीर ठरवा, मग फिल्टर निवडा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं डाईंग हाऊस असो, टॉवेलची शेड असो की मार्केट यार्डातला कांद्याचा काटा असो, नवा सेन्सर बसला की पहिली तक्रार ठरलेली: "आकडा स्थिर राहत नाही." त्यावरचा इलाजही ठरलेला. पन्नास वाचनांची सरासरी काढा. आकडा शांत होतो, मालकाचं समाधान होतं आणि मग पाणी टाकीवरून वाहायला लागल्यावर पंप बंद होतो, किंवा ताण्याचे (उभे) धागे तुटून दहा पिक (आडवे धागे) पडल्यावर माग थांबतो.

फिल्टर गुळगुळीतपणा देतो, पण त्याची किंमत वेळेत वसूल करतो. म्हणून "कोणता फिल्टर चांगला?" हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न असा की हा आकडा पाहून जो निर्णय घ्यायचा आहे, त्याला किती उशीर चालेल? त्याचं उत्तर हातात असेल तर निम्मे फिल्टर आपोआप बाद होतात.

हा लेख आर्डुइनो, ईएसपी३२ यांसारख्या छोट्या कंट्रोलर बोर्डांवर किंवा यंत्र चालवणाऱ्या छोट्या पीएलसीवर काम करणाऱ्यांसाठी आहे. गणित लागेल, पण बेरीज-भागाकारापलीकडचं फारसं नाही.

पायरी १ : उशिराचं बजेट कागदावर लिहा

तीन उदाहरणं घेऊ. तिन्ही सोलापुरात रोज दिसणारी आहेत.

गच्चीवरची पाण्याची टाकी. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आलेलं पाणी वाया जाऊन चालत नाही. पंप मिनिटाला ३० लिटर टाकतो आणि टाकीचा तळ एक चौरस मीटर आहे असं धरा. सेन्सरचा आकडा १० सेकंद मागे राहिला तर त्या वेळात ५ लिटर पाणी पडतं आणि पातळी ५ मिलिमीटर चढते. म्हणजे दहा सेकंदांचा उशीर इथे खुशाल चालतो.

रंगाईचा बाथ. तापमान मिनिटाला २ अंशांनी चढवायचं आहे. फिल्टरचा उशीर ५ सेकंद असेल तर आकडा खऱ्या तापमानाच्या ०.१७ अंश मागे राहील. यातही काही बिघडत नाही. पीटी१०० हा तापमानाचा सेन्सर ज्या धातूच्या नळीत बसवलेला असतो, ती नळीच याहून जास्त वेळ खाते.

यंत्रमाग. मिनिटाला १२० पिक धरले तर एका पिकला अर्धा सेकंद मिळतो. ताण सुटला की त्याच पिकला किंवा फार तर पुढच्या पिकला माग थांबला पाहिजे. मग मोटरचा कॉन्टॅक्टर (तिची वीज तोडणारा स्विच) आणि ब्रेक यांचा वेळ वजा करा. फिल्टरच्या वाट्याला जेमतेम १०० मिलिसेकंद उरतात. पन्नास वाचनांची सरासरी इथे पहिल्याच फेरीत बाद.

हे तीन आकडे वेगवेगळे आहेत, म्हणून तीन फिल्टरही वेगळेच येणार. एकाच लायब्ररीतला एकच कोड तिन्हीकडे चिकटवणारे लोक मी पाहतो, आणि त्यांचा एखादा तरी प्रकल्प कायम "थोडा स्लो" असतो.

पायरी २ : कच्चा डेटा साठवा आणि डोळ्यांनी पाहा

फिल्टर लावण्याआधी सेन्सरची कच्ची वाचनं, प्रत्येकाच्या वेळेसकट, एसडी कार्डावर किंवा लॅपटॉपवर घ्या. तीन वेळा घ्या: सगळी यंत्रं बंद असताना, फक्त आपलं यंत्र चालू असताना, आणि शेजारचं व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) व वेल्डिंग चालू असताना. मग आलेख काढा. आलेख न काढता फिल्टर निवडणं म्हणजे नाडी न पाहता औषध देणं.

आलेखात चार प्रकारचा गोंगाट दिसू शकतो. सगळीकडे पसरलेली बारीक थरथर दिसली तर तो इलेक्ट्रॉनिक्सचा नेहमीचा नॉईज. मधूनच एखादं वाचन एकदम उडालं तर तो स्पाइक. ठरावीक अंतराने येणारी लाट बहुधा ५० हर्ट्झच्या विजेची किंवा यंत्राच्या फिरण्याची असते. आणि आकडा हळूहळू एका बाजूला सरकत असेल तर ते ड्रिफ्ट. पहिल्या तिघांवर फिल्टर चालतो. ड्रिफ्टवर चालत नाही, त्याला कॅलिब्रेशनच लागतं.

ड्रिफ्टचं सोलापुरी उदाहरण म्हणजे उन्हाळ्यातला अल्ट्रासॉनिक सेन्सर. एचसी-एसआर०४ आवाज परत यायला लागलेला वेळ मोजतो आणि कोडमध्ये बहुतेक जण आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर लिहून मोकळे होतात. तो २० अंशांचा वेग आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी ४२ अंश झाले की वेग जवळजवळ ३५७ होतो, म्हणजे चार टक्क्यांचा फरक. दीड मीटरवरचं पाणी सहा सेंटीमीटर जवळ दिसतं, टाकी आहे त्यापेक्षा भरलेली वाटते आणि पंप लवकर बंद होतो. कितीही सरासरी काढा, ही चूक तशीच राहणार. उपाय एका ओळीचा आहे: शेजारी तापमानाचा सेन्सर लावा आणि वेग ३३१.३ + ०.६०६ × तापमान असा काढा.

नॉईज सेन्सरचा आहे की वायरिंगचा, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. पीटी१०० काढून त्याच्या जागी, त्याच लांब वायरीच्या टोकाला, १०० ओहमचा चांगल्या प्रतीचा रेझिस्टर जोडा. शून्य अंशाला पीटी१०० चा रोधही १०० ओहमच असतो, म्हणून आकडा शून्य अंशाच्या आसपास स्थिर दिसायला हवा. तिथेही तो नाचत असेल तर सेन्सर बदलून पैसे घालवू नका, दोष वायरीत किंवा वाचन घेणाऱ्या सर्किट कार्डात आहे.

पायरी ३ : सॉफ्टवेअरच्या आधी वायर आणि सॅम्पलिंग

शिल्डेड, पीळ दिलेली वायर वापरा, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा, आणि सिग्नलची वायर व्हीएफडीच्या मोटर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये नेऊ नका. अंतर लांब असेल तर व्होल्टऐवजी ४-२० मिलिअँपचा सेन्सर घ्या. हे सगळे सांगतात, म्हणून पुढे जातो.

कमी लोक सांगतात ते सॅम्पलिंगचं, म्हणजे ठरावीक वेळाने वाचन घेण्याचं. समजा तुम्ही सेकंदाला १० वाचनं घेताय आणि वायरीत ५० हर्ट्झची भरभर, म्हणजे विजेच्या लाईनचा गोंगाट, शिरली आहे. ग्रीडची फ्रीक्वेन्सी नेमकी ५० कधीच नसते, थोडी खाली-वर होते. ती ४९.९५ असेल तर तुमच्या वाचनांत ही भरभर २० सेकंदांच्या संथ लाटेसारखी दिसते. बाथचं तापमान खरोखर हेलकावे खातंय असंच वाटतं, आणि ऑपरेटर स्टीमचा व्हॉल्व्ह फिरवत बसतो. एकदा ही लाट वाचनांत आली की कोणताही डिजिटल फिल्टर तिला खऱ्या तापमानापासून वेगळी करू शकत नाही. यालाच अलियासिंग म्हणतात, आणि ते अडवायचं असेल तर एडीसीच्या (सिग्नलचा आकडा करणाऱ्या सर्किटच्या) आधीच.

एडीसीच्या पिनआधी रेझिस्टर आणि कपॅसिटरचा साधा आरसी फिल्टर लावा. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडला कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरच्या लाटा फिल्टर दाबतो ती फ्रीक्वेन्सी, सुमारे १६ हर्ट्झ येतो. पण एवढ्यावर विसंबू नका, कारण त्यातून ५० हर्ट्झची भरभर ३० टक्के शिल्लक राहतेच. माझ्या मते जास्त चांगला मार्ग असा: आरसी हलका ठेवा, १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे कटऑफ साधारण १६० हर्ट्झ. सॅम्पलिंग सेकंदाला १००० वेळा करा आणि २० वाचनांची सरासरी घ्या. वीस वाचनं म्हणजे बरोबर २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झचं एक पूर्ण आवर्तन. वरची आणि खालची बाजू एकमेकींना खातात. १००, १५०, २०० हर्ट्झही त्याच झटक्यात जातात. ग्रीड ४९.९ वर असली तरी मूळ भरभरीचा फक्त ०.२ टक्के उरतो. उशीर दहा मिलिसेकंदांच्या आतला, मागालाही परवडणारा.

तयार कार्ड वापरत असाल तर त्याची सेटिंग तपासा. पीटी१०० साठी बरेच जण मॅक्स३१८६५ हा चिप वापरतात. त्याच्यात विजेच्या भरभरीचा फिल्टर आतच असतो, पण तो मुळात ६० हर्ट्झवर ठेवलेला असतो, अमेरिकेच्या विजेसाठी. कॉन्फिगरेशनमधला एक बिट बदलून तो ५० वर आणावा लागतो. कोडची एक ओळ, आणि अर्धा नॉईज तिथेच संपलेला मी पाहिला आहे.

पायरी ४ : स्पाइक असतील तर आधी मीडियन

सरासरी आणि स्पाइक यांचं जमत नाही. डीएस१८बी२० हा स्वस्त तापमान सेन्सर घ्या. वीज क्षणभर गेली-आली की तो मोजमाप होण्याआधीच ८५ अंश असं उत्तर देतो, आणि वायर सुटली की त्याची प्रचलित लायब्ररी उणे १२७ दाखवते. बाथ ६० अंशांवर असताना दहा वाचनांत एक ८५ घुसलं तर सरासरी अडीच अंशांनी वर जाते आणि पुढची दहा वाचनं तशीच राहते. उणे १२७ ओळखायला सोपं आहे, ८५ नाही, कारण रंगाईत ८५ हे खरं तापमानही असू शकतं.

मीडियन फिल्टर शेवटची तीन किंवा पाच वाचनं चढत्या क्रमाने लावतो आणि मधलं उचलतो. तीनचा मीडियन एकटा स्पाइक गिळतो, पाचचा सलग दोन. उशीर अनुक्रमे एका आणि दोन सॅम्पलचा. बारीक थरथर कमी करण्यात मात्र तो सरासरीइतका चांगला नाही, म्हणून मीडियन आधी आणि गुळगुळीत करणारा फिल्टर नंतर, हा क्रम बदलू नका. उलट क्रमात स्पाइक आधीच पसरलेला असतो आणि मीडियनला तो सापडत नाही.

अल्ट्रासॉनिकमध्ये मीडियनच्याही आधी एक तपासणी घाला. प्रतिध्वनी हरवला की शून्य किंवा कमाल अंतर येतं, ते सरळ टाकून द्या. पाणी एका सेकंदात ३० सेंटीमीटर चढू शकत नाही, तर तशी उडीही टाकून द्या. पण नाकारलेली वाचनं मोजत राहा. सलग पाच-सहा नाकारली गेली तर नव्या आकड्यावर विश्वास ठेवा. हा मोजणीचा भाग विसरला की कोड एका जुन्या पातळीवर अडकून बसतो. कुणी टाकी रिकामी करून धुतली तरी स्क्रीनवर ती भरलेलीच दिसते.

डाळिंबाच्या बागेत ठिबकसाठी मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर लावला असेल तर तुमचं काम इथेच संपतं. दर पंधरा मिनिटांनी पाच वाचनं घ्या, मधलं उचला, झालं. मुळांजवळची ओल तासांच्या हिशेबाने बदलते.

पायरी ५ : मुख्य फिल्टर

दुसरं काही सुचत नसेल तर एक्स्पोनेन्शियल सरासरी लावा. सूत्र असं:

नवं उत्तर = जुनं उत्तर + अल्फा × (नवं वाचन − जुनं उत्तर)

मेमरीत एकच आकडा ठेवावा लागतो. अल्फा अंदाजे ०.१ किंवा ०.२ टाकू नका, वेळेतून काढा. तुम्हाला हवा असलेला कालस्थिरांक, म्हणजे टाइम कॉन्स्टंट, आणि दोन वाचनांमधलं अंतर घ्या. अल्फा = अंतर ÷ (टाइम कॉन्स्टंट + अंतर). सेकंदाला १० वाचनं आणि २ सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट असेल तर ०.१ ÷ २.१, म्हणजे ०.०४८. यात थरथर साधारण एक-षष्ठांश उरते. वाचन अचानक बदललं तर ३ टाइम कॉन्स्टंट, म्हणजे ६ सेकंदांत ९५ टक्के उत्तर मिळतं. सतत चढणाऱ्या तापमानात आकडा २ सेकंद मागे चालतो. पायरी १ मधलं ५ सेकंदांचं बजेट इथे निवांत बसतं.

हीच थरथर तेवढीच कमी करायला सरळ सरासरीला ४१ वाचनं लागतात. चढत्या सिग्नलमागे तिचाही उशीर २ सेकंदच. मग फरक काय? शेपटीचा. सरळ सरासरी ४.१ सेकंदांनी पूर्णपणे नव्या आकड्यावर येते आणि थांबते. एक्स्पोनेन्शियल सरासरी शेवटचे दोन-तीन टक्के रेंगाळत चढते. तापमानात हे कुणाला कळत नाही. काट्यावर लगेच कळतं: पोतं ठेवल्यावर ग्रॅमचा आकडा सरकत राहिला की हमाल आणि व्यापारी दोघंही वैतागतात. म्हणून वजनासाठी सरळ सरासरी आणि तापमान, पातळी, दाब यांसाठी एक्स्पोनेन्शियल, अशी माझी ढोबळ वाटणी आहे.

काट्याला आणखी एक सोय द्या. नवं वाचन सध्याच्या उत्तरापासून नॉईजच्या चौपट दूर गेलं आणि सलग तीन वेळा गेलं, तर फिल्टर पुसून थेट नव्या वाचनावर उडी मारा, मग पुन्हा सरासरी सुरू करा. पोतं ठेवताच आकडा धावतो आणि ठेवल्यावर शांत होतो. नॉईज किती, हे पायरी २ च्या डेटातलं प्रमाण विचलन सांगतं. एक्सेलमध्ये ते एका फंक्शनचं काम आहे.

बटरवर्थ हा जास्त कडक कापणारा फिल्टर कधी लावायचा? हवी ती हालचाल आणि नको तो नॉईज यांच्या फ्रीक्वेन्सी जवळजवळ असतील तेव्हा. सेकंदाला १०० सॅम्पल आणि ५ हर्ट्झ कटऑफ धरा. एक्स्पोनेन्शियल सरासरी २० हर्ट्झचा नॉईज चौथ्या भागावर आणते, दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ सोळाव्या भागाच्याही खाली. त्याचे गुणांक असे:

नवं उत्तर = ०.०२००८ × नवं वाचन + ०.०४०१७ × आधीचं वाचन + ०.०२००८ × त्याआधीचं वाचन + १.५६१०२ × आधीचं उत्तर − ०.६४१३५ × त्याआधीचं उत्तर

उशीर सुमारे ४५ मिलिसेकंद. पण एक खोड आहे. सिग्नल एकदम उडाला की उत्तर सुमारे ४ टक्के जास्त वर जाऊन मग खाली येतं. अलार्मची मर्यादा काठावर असेल तर ही उसळी खोटा अलार्म वाजवते. एक्स्पोनेन्शियल सरासरी असं कधी करत नाही. आणि हे गुणांक याच सॅम्पलिंगसाठी आहेत. सेकंदाला २०० सॅम्पल केलेत आणि गुणांक तेच ठेवलेत, तर कटऑफ गुपचूप १० हर्ट्झ होतो.

कंपन मोजत असाल तर इथपर्यंतचं बहुतेक बाजूला ठेवा. बेअरिंगच्या कंपनात वरच्या फ्रीक्वेन्सीच बातमी देतात, त्याच कापल्या तर उरलं काय? ५० हर्ट्झचा नॉच फिल्टरही (तेवढीच फ्रीक्वेन्सी कापणारा) तिथे जपून वापरा. चार पोलची मोटर भाराखाली मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते, म्हणजे २४ हर्ट्झ, आणि तिची दुप्पट ४८. कपलिंग वाकडं बसल्याची खूण बऱ्याचदा याच ४८ वर दिसते. रुंद नॉच ५० बरोबर तीही खाऊन टाकतो.

पायरी ६ : मागाचं वेगळं प्रकरण

टॉवेलच्या मागावर ताण्याचा ताण मोजायला मागच्या रोलरखाली लोड सेल लावतात. आलेख पाहिला की छाती दडपते, आकडा सतत खाली-वर. पण हा नॉईज नाही. शेड (आडव्या धाग्यासाठी ताण्याच्या धाग्यांत पडणारी फट) उघडते तेव्हा धागे ताणले जातात, फणी ठोकते तेव्हा झटका बसतो, आणि हे दर पिकला होतं. १२० पिकला ही लाट २ हर्ट्झची, तिच्या पोटात ४, ६, ८ हर्ट्झच्या लाटा. लो-पास (फक्त संथ बदल पुढे सोडणाऱ्या) फिल्टरने ही लाट मारायला गेलात तर कटऑफ अर्ध्या हर्ट्झच्याही खाली न्यावा लागतो, आणि १०० मिलिसेकंदांचं बजेट केव्हाच उडतं.

आधी कार्ड पाहा. लोड सेलसाठी एचएक्स७११ स्वस्त आणि चांगला आहे, पण बाजारातल्या बऱ्याच मॉड्यूलवर तो सेकंदाला १० वाचनांवर बांधलेला असतो. त्या वेगाला बदल पूर्ण दिसायला ४०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खा पिक. रेट नावाची पिन वर ओढून तो ८० वर न्या. मग हाच वेळ ५० मिलिसेकंद होतो आणि एका पिकला ४० वाचनं मिळतात.

आता सरासरी वेळेवर न काढता फेऱ्यावर काढा. क्रँकशाफ्टवर प्रॉक्सिमिटी सेन्सर लावा, तो दर फेऱ्याला एक पल्स देतो. पल्स आली की बेरीज सुरू करा, पुढची पल्स आली की वाचनांच्या संख्येने भागा आणि पुन्हा शून्यापासून सुरू करा. वेळेवरची अर्ध्या सेकंदाची सरासरी का चालत नाही? पट्टा घसरला किंवा व्होल्टेज पडलं की माग १२० वरून ११४ वर येतो. अर्ध्या सेकंदात फेरा पूर्ण होत नाही, आणि मूळ लाटेच्या पाच टक्के लाट आकड्यात उरते. फेऱ्यावरच्या सरासरीला मागाचा वेग किती आहे याच्याशी देणंघेणंच नाही.

किती फेरे घ्यायचे, हे कापडावर ठरतं. साध्या विणीत शेड दोन पिकला परत पहिल्यासारखी होते, म्हणून दोन फेरे. तीन पिकच्या टेरी टॉवेलमध्ये पहिले दोन पिक फणी थोडी मागेच सोडते आणि तिसऱ्याला तिन्ही एकत्र ठोकते, त्यातूनच वर लूप उभे राहतात. तिथे तीन फेऱ्यांची सरासरी घेतली तरच आकडा शांत बसतो. दोन घेतलीत तर तो स्वतःहून नाचेल आणि तुम्ही उगाच लोड सेलला दोष द्याल.

ही सरासरी दीड सेकंदाची झाली, माग थांबवायला ती उपयोगाची नाही. ती बीमचा लेट-ऑफ, म्हणजे बीमवरून ताणा सुटण्याचा वेग, सांभाळायला. थांबवण्यासाठी त्याच वाचनांतून दुसरी वाट काढा: फेरा ४० भागांत विभागा, प्रत्येक भागाचा नेहमीचा ताण साठवून ठेवा आणि आत्ताचं वाचन त्याच भागाच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहा. तीन पिकच्या टॉवेलला अर्थात तीन फेऱ्यांचा, म्हणजे १२० खणांचा तक्ता लागेल. सलग तीन भागांत फरक मर्यादेबाहेर गेला की माग बंद. तीन वाचनं म्हणजे ३८ मिलिसेकंद, त्यात कार्डाचे ५० मिळवा. बजेटच्या आत बसलो. एकाच सेन्सरमधून दोन फिल्टर काढायला कुणी मनाई केलेली नाही, तरी फार थोडे लोक हे करतात.

पायरी ७ : कालमनचा मोह

रुडॉल्फ कालमन यांनी आपला फिल्टर १९६० मध्ये मांडला. रॉकेटपासून मोबाइलपर्यंत तो सगळीकडे आहे, आणि त्यामुळे टाकीच्या पातळीलाही तो लावावा असं वाटतं. इंटरनेटवर मिळणारा एका सेन्सरचा "सोपा कालमन" कोड नीट पाहा. तो पातळी स्थिर आहे असं गृहीत धरतो, आणि थोड्याच वाचनांत त्याचा गेन (नव्या वाचनाला मिळणारं वजन) एका आकड्यावर येऊन थांबतो. त्यानंतर तो पायरी ५ मधली एक्स्पोनेन्शियल सरासरीच असतो, फक्त अल्फाऐवजी दोन आकडे अंदाजाने भरायचे.

कालमनला खरी जागा दोन ठिकाणी मिळते. तुमच्याकडे यंत्र कसं वागतं याचं मॉडेल असेल, उदाहरणार्थ पंप चालू असताना पातळी कोणत्या वेगाने चढते हे माहीत असेल, किंवा एकच गोष्ट दोन वेगळे सेन्सर सांगत असतील तर. ड्रोनचा किंवा रोबोटचा कल काढताना असे दोन सेन्सर, जायरो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर असतात, पण तिथेही आधी कॉम्प्लिमेंटरी फिल्टर करून पाहा. जायरोच्या अंदाजाला ०.९८ आणि अ‍ॅक्सेलरोमीटरला ०.०२ वजन द्या. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या बहुतेक प्रकल्पांना तेवढं पुरतं, आणि व्हायवामध्ये समजावूनही सांगता येतं.

रेकॉर्ड झालेल्या डेटावर पायथनमधला पुढे-मागे दोन्ही दिशांनी चालणारा फिल्टर फार देखणा आलेख देतो, उशीर शून्य. तो पाहून रिअल-टाइम कामाचा अंदाज बांधू नका. त्याला पुढची वाचनं आधीच माहीत असतात, तुमच्या पीएलसीला नसतात.

पायरी ८ : कोडमधले खड्डे

सॅम्पलिंग ठरलेल्या वेळीच झालं पाहिजे. डिलेवर चालणाऱ्या लूपमध्ये वायफायने मधेच ३० मिलिसेकंद घेतले की वर मोजलेला प्रत्येक कटऑफ खोटा ठरतो. टायमर वापरा.

फिल्टरची सुरुवात शून्यापासून करू नका, पहिल्या वाचनापासून करा. नाहीतर वीज आल्यावर बाथचं तापमान शून्यातून चढताना दिसेल आणि कंट्रोलर पूर्ण स्टीम सोडेल.

पूर्णांकात गणित करत असाल तर सावध. फरकाला १६ ने भागून मिळवायचं असेल आणि फरक १५ उरला, तर भागाकार शून्य येतो आणि उत्तर तिथेच थिजतं. आर्डुइनो ऊनोच्या १० बिट एडीसीवर १५ काउंट म्हणजे ७० मिलिव्होल्टच्या वर चूक. उत्तर १६ पटीत साठवा आणि दाखवताना भागा.

फ्लोटमध्ये (दशांशाच्या गणितात) एकदा जरी शून्याला शून्याने भागून "नॅन" (हा आकडाच नाही, अशी खूण) तयार झालं आणि एक्स्पोनेन्शियल किंवा बटरवर्थमध्ये शिरलं, तर ते पुन्हा बाहेर पडत नाही. प्रत्येक वाचन आत घेण्याआधी तपासा.

बॉयलरचा दाब आणि पाण्याची किमान पातळी यांची सुरक्षा या कोडमधून अजिबात जाऊ देऊ नका. तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वायरने थेट जोडलेले स्विचच हवेत, कोणताही फिल्टर मध्ये न ठेवता.

पायरी ९ : फिल्टर बरोबर आहे हे कसं ठरवायचं

साठवलेल्या कच्च्या डेटावर फिल्टर चालवा आणि कच्चं वाचन वजा फिल्टरचं उत्तर असा तिसरा आलेख काढा. ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे, आणि सगळ्यात कमी केली जाते. त्या आलेखात शून्याभोवती विस्कळीत ठिपके दिसले तर फिल्टरने फक्त नॉईज काढला. त्यात स्टीम चालू झाल्याचा उंचवटा किंवा पिकची लाट दिसली, तर फिल्टर तुमचा सिग्नलच कापतोय. टाइम कॉन्स्टंट निम्मा करा आणि पुन्हा पाहा.

मग प्रत्यक्ष यंत्रावर: लोड सेलवर ठरलेलं वजन एकदम ठेवा आणि आकडा ९५ टक्क्यांवर यायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या व्हिडिओवर मोजा. सेन्सरची वायर चालू असताना काढा. वीज घालवून परत आणा. शेजारचं व्हीएफडी सुरू-बंद करा. ही चाचणी मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याची शेड तापलेली असताना पुन्हा एकदा करा, कारण जानेवारीत केलेलं कॅलिब्रेशन तेव्हा तसंच राहील याची खात्री नाही.

एवढं करूनही डिस्प्लेवरचा शेवटचा अंक टिमटिमत असेल तर फिल्टरला हात लावू नका. कंट्रोल आणि अलार्मला जाणारा आकडा आहे तसा राहू द्या. डिस्प्लेसाठी वेगळा आकडा ठेवा, सेकंदाला दोनदाच बदलणारा, आणि बदल अर्ध्या अंकापेक्षा मोठा असेल तरच नवा छापणारा.